शेल्फ क्रमांक सहा

दुकान नऊला उघडतं. मी साडेसातला येते.
इस्माइल शटर अर्धंच वर करतो, मी वाकून आत शिरते.
मशीन रात्रभर छापत बसलेलं,
नव्या किमतींची पट्टी फरशीवर
वेटोळं घालून पडलेली.

मग एकेक कापायचं, एकेक लावायचं.
तेल. मसूर. लहान मुलांचे डायपर.
प्लास्टिकच्या खाचेतून जुनं लेबल निघता निघत नाही,
त्याच्यामागे त्याच्याहून जुनं, त्याच्यामागे आणखी एक.
कधी वैतागून सगळी थप्पी एकदम ओढते
आणि हातात येतो गेल्या रमजानचा भाव.
तो मी वाचते. आधी मागे वळून बघते,
कुणाचं तरी पत्र फोडल्यासारखी.

माझा भाव वर्षातून एकदा बदलतो, जानेवारीत.
आकडा जाहीर झाला तेव्हा आम्ही गोदामात होतो,
टोमॅटो-पेस्टच्या खोक्यांवर, एका मोबाइलभोवती.
नेस्लिहाननं टाळ्या वाजवल्या.
घरमालकानंही तोच आकडा ऐकला असणार,
त्याच्या टाळ्या आम्हाला शुक्रवारी ऐकू आल्या.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, आई म्हणायची.
पसरतंय कोण, बाई?
मी गुडघे पोटाशी घेऊन झोपते.
दोन खोल्यांतला एकच हीटर चालू असतो,
त्यावर भावाचं हेल्मेट वाळत असतं.
इस्तंबूलभर गरम पिझ्झा पोचवून
तो रात्री दोनला येतो आणि थंड पाव खातो.

मुकर्रेम हानम दार उघडायच्या आधीच काचेपाशी उभ्या.
भूगोलाच्या बाई होत्या, चौतीस वर्षं शिकवलं.
तरातरा थेट सहा नंबरच्या शेल्फपाशी येतात,
पांढऱ्या चीजचा डबा हातात घेतात:
"अजून लावलं नाहीस ना गं?"

लावलं नव्हतं.
एकशे एकोणनव्वद लिरा नव्वद अजून तिथंच होते,
दोनशे चार पन्नास माझ्या मुठीत.
मी खाली बसले, बुटाची नाडी सोडली,
पुन्हा बांधली. मग दुसरी.

गल्ल्याचं यंत्र मात्र मध्यरात्रीच शहाणं झालेलं असतं.
त्यानं दोनशे चार पन्नास म्हटलं.
बाईंनी चष्मा लावला, पर्स बंद केली,
आणि मागे कोपऱ्यात बसलेल्या पोरालाही ऐकू जावं
अशा आवाजात म्हणाल्या,
"शेल्फवर लिहिलंय तेच मी देणार. कायदा आहे."
रांगेतल्या कुणीतरी "बरोबर" म्हटलं.
वेदात बे हसले. ग्राहकासमोर ते नेहमी हसतात.

चौदा लिरा साठ.
महिनाअखेरीच्या चिठ्ठीवर वजावटीच्या रकान्यात
बारीक अक्षरात: हाजेर, शेल्फ सहा, दिरंगाई.
चौदा लिऱ्यांत येतं काय?
एक सिमितसुद्धा येत नाही धड.
तरी मी ती चिठ्ठी घडी करून ठेवली,
फेकवेना.

बाईंना हे कुणी सांगितलं, देव जाणे.
मी नाही. इस्माइलचं तोंड मात्र
त्याच्या शटरसारखं, कधी पूर्ण बंद होत नाही.
मंगळवारी त्या आल्या, काही घेतलं नाही,
पिशवीतून एक बरणी काढून माझ्या ट्रॉलीत ठेवली.
हिरव्या टोमॅटोचं लोणचं.
"मीठ जास्त झालंय," एवढंच.
रागावल्यासारख्याच निघून गेल्या.

रात्री भावानं अर्धी बरणी उभ्याउभ्या संपवली.
मीठ खरंच जास्त होतं.
धुताना बघितलं, बरणी जुनी, ऑलिव्हची,
बुडाशी आमच्याच दुकानाचं लेबल:
अकरा लिरा पंचाहत्तर.
कुठल्या सालचं, तारीख पुसली होती.

गरम पाणी घातलं, नखानं खरवडलं.
हे तर माझं रोजचं काम.
अकरा निघाले.
पंचाहत्तर निघायला तयार नाहीत.
शेवटी तशीच खिडकीत उपडी ठेवली,
सकाळी साडेसातला पोचायचं होतं.